ओळ संपली की एंटर

मला एंटरकाकांची किळस यायची. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी चांगुलपणा मिरवतेय असं कुणाला वाटायला नको.

आमचा पुठ्ठ्याच्या खोक्यांचा कारखाना. खाली मशीनं, वर कचेरी. कचेरीत मॅनेजरची काचेची केबिन आणि केबिनबाहेर समोरासमोर दोन टेबलं, एक माझं, एक काकांचं. काका टाइपिस्ट, चौतीस वर्षं त्याच खुर्चीत. माझं काम कागद सुबक करायचं. टाइप कुणीही करो, बाहेर जाणारा प्रत्येक कागद माझ्या हाताखालून जायचा. मार्जिन, मथळे, ओळींमधलं अंतर, पानांचे आकडे, सगळं मी बघायची. माझ्या हातून गेलेल्या कागदात कुणी खोट काढून दाखवावी, असं मी चारचौघांत म्हणायची. म्हणायची काय, ठणकावून सांगायची.

आणि समोर हे काका! त्यांचा कीबोर्ड पाहिला असता तर तुमच्या पोटातलं अन्न वर आलं असतं. फटींमध्ये बिस्किटांचा चुरा, कोंडा, पांढरे केस. अक्षरं तर केव्हाच घासून गेलेली, नुसत्या काळ्या तुळतुळीत चौकोनांवर बोटं आपटायचे. कीबोर्डवर झाकायला काकूंनी शिवून दिलेला फुलाफुलांचा अभ्रा होता, तो तेलकट होऊन चामड्यासारखा झाला होता. रोज सकाळी काका तो अभ्रा उचलायचे, जुन्या टूथब्रशने फटी घासायचे आणि निघालेली घाण फुंकरीने उडवून द्यायचे. कुठे? माझ्या टेबलाकडे.

“काका, अहो!”

“उडालं का ताई? चुकलं हं.”

दुसऱ्या दिवशी पुन्हा फूऽऽ. शी! मी माझ्या डब्यावर वहीचा पुठ्ठा ठेवायला लागले होते.

पण ते एक वेळ सोडा. टेबल पुसता येतं. काकांच्या फायली पुसायच्या कशाने?

ज्याला कॉम्प्युटरवर साधं पत्र टाइप करता येतं त्यालाही ठाऊक असतं की ओळ भरली की पुढचा शब्द आपोआप खाली उतरतो. एंटर दाबायचं ते परिच्छेद संपल्यावर. काका प्रत्येक ओळीच्या शेवटी एंटर दाबायचे. प्रत्येक! मथळा मध्ये आणायचा तर त्यासाठी एक बटण आहे हो, नुसतं दाबायचं. काका स्पेसबार बडवत बडवत मथळ्याला ढकलत मध्ये न्यायचे. नवं पान हवं असेल तर पान उलटेपर्यंत एंटर, एंटर, एंटर. पूर्णविरामापुढे दोन जागा. मग त्यात एखादा शब्द घालायची वेळ आली की सगळ्याचा विचका. अर्धी ओळ इथे लोंबतेय, एक शब्द एकटाच खाली पडलाय, मथळा कुठच्या कुठे.

पडद्यावर न छापल्या जाणाऱ्या खुणा दाखवायची सोय असते. ती लावली की जिथे जिथे एंटर दाबलंय तिथे इंग्रजी पी अक्षर उलटं काढल्यासारखी खूण दिसते, आणि प्रत्येक रिकाम्या जागेला एक ठिपका. काकांच्या फाईलला त्या खुणा लावल्या की अंगावर काटा यायचा. ओळीओळीला खूण, खुणेआधी ठिपक्यांच्या रांगा. भिंतीवरून मुंग्या चालल्यासारखं वाटायचं मला, हात झटकावेसे वाटायचे.

मी शिकवलं नाही असं नाही. तीनदा शिकवलं. काका माना डोलवायचे, डायरीत लिहून घ्यायचे, “वा ताई, किती सोपं!” म्हणायचे. दुसऱ्या दिवशी ये रे माझ्या मागल्या.

एकदा वैतागून विचारलं, “काका, तुम्हाला कळतच नाही की कळून घ्यायचंच नाही?”

तेव्हा त्यांनी सांगितलं. सतराव्या वर्षी टायपिंगच्या क्लासला गेले. बाप गेलेला, पाठची दोन भावंडं, कुणीतरी सांगितलं टायपिंग शीक, पोट भरेल. मास्तर डोळ्यांना रुमाल बांधून टाइपरायटरवर बसवायचे. ओळ संपत आली की मशीनची घंटी वाजायची, घंटी वाजली की दांडा सरकवून खालच्या ओळीवर यायचं. घंटी चुकली की मास्तर पट्टी मारायचे बोटांवर. “कॉम्प्युटर आले तेव्हा मी शिकवणाऱ्याला विचारलं, दांडा कुठाय? त्याने एंटर दाखवलं. झालं मग.”

“पण आता घंटी वाजत नाही ना काका!”

“माझ्या कानात वाजते,” ते म्हणाले आणि बिस्किट चहात बुडवून खाल्लं. अर्धं कीबोर्डवर पडलं.

या माणसाचं एक मात्र होतं. समोरचा बोलेल ते शब्दन्‌शब्द उतरवायचे. सुधारायचे नाहीत, गाळायचे नाहीत. कामगाराने रागाच्या भरात शिवी दिली तर शिवीसुद्धा. मला त्याचीही चीड यायची. म्हणायची, हे काय टाइपिंग झालं?

तर त्या साली खाली पॅकिंगमध्ये अपघात झाला. पॅकिंगमध्ये दोन बहिणी कामाला होत्या, त्यांना सगळे थोरली आणि धाकटी म्हणायचे. धाकटीचा उजवा हात कापायच्या मशीनमध्ये गेला. दोन बोटं गेली. त्या मशीनच्या पात्यापुढे लोखंडी जाळी असते, हात आत जाऊ नये म्हणून. त्या दिवशी ती जाळी जागेवर नव्हती. का नव्हती, हाच सगळा प्रश्न. जाळी मोडकी असूनही मशीन चालू ठेवलं असेल तर दोष कारखान्याचा. धाकटीने आपल्या हाताने जाळी काढली असेल तर दोष धाकटीचा, आणि मग नोकरीही गेली.

अपघाताचा जबाब टाइपिस्टने घ्यायचा अशी आमच्याकडची पद्धत. काका कचेरीचा लॅपटॉप काखोटीला मारून दवाखान्यात गेले. ती बोलत गेली, हे टाइप करत गेले. परत आले, फाईल सगळ्यांच्या फोल्डरमध्ये टाकली आणि खुर्चीत नुसते बसून राहिले. बिस्किटाचा पुडाही काढला नाही.

“झालं का काम?” मी विचारलं.

“झालं ताई. पोरगी रडली नाही हो. रडायला हवी होती.”

दुसऱ्या दिवशी दुपारी मॅनेजर माझ्या टेबलापाशी आले. यांच्या तोंडात सदा पेपरमिंटची गोळी. बोलताना ती दातांवर टकटक वाजायची आणि तो गोड वास तोंडावर यायचा. “मॅडम, धाकटीच्या जबाबाची फाईल आहे. काकांचं काम तुम्हाला माहितीच आहे. जरा माणसांत आणून द्या. सगळं एकसारखं दिसलं पाहिजे बरं का. तुमच्यासारखा हात कचेरीत दुसरा नाही.”

आणि मी, मूर्ख बाई, फुलले.

फाईल उघडली, खुणा लावल्या. तीच मुंग्यांची रांग, पानभर! पण त्या पानावर मध्येच एक परिच्छेद होता, सहा-सात ओळींचा, लख्ख. एकाही ओळीला एंटर नाही, पूर्णविरामापुढे एकच जागा, दोन्ही कडा सुतात. वर काकांचा उकिरडा, खाली काकांचा उकिरडा, आणि मधे हा सारवलेला कोपरा. मला इतकं हसू आलं की मी मोबाइलने पडद्याचा फोटो काढला आणि कचेरीतल्या आम्हा पाच बायकांचा ग्रुप होता त्यावर टाकला. खाली लिहिलं, “काकांची शेती बघा! मधला एक परिच्छेद मात्र माणसाने टाइप केल्यासारखा वाटतोय. काकांना ताप तर नाही ना?” लगेच बाकी चौघींचे हसरे चेहरे. एकीने लिहिलं, “म्युझियममध्ये ठेवा दोघांना, काकांना आणि कीबोर्डला.” मी त्यावरही हसले.

मग कामाला लागले. सगळ्या एंटरच्या खुणा एका झटक्यात काढल्या, दोन दोन जागांच्या एकेक केल्या, सगळं निवडून एकच फॉन्ट, एकच अंतर, कडा सरळ. बारा मिनिटं लागली. मधला परिच्छेद कुठला ते मलाही ओळखू येईना इतकं छान झालं. जुन्याच फाईलवर सेव्ह केलं आणि चहाला गेले.

वाचलं नाही. एक अक्षर वाचलं नाही. आमच्या कामात वाचायचं नसतंच, वाचत बसलं की काम होत नाही. आम्ही आकार बघतो. हे मी नव्या मुलींना अभिमानाने शिकवायची, काय सांगू तुम्हाला!

ती सुबक प्रत घेऊन पॅकिंगचा सुपरवायझर दवाखान्यात गेला. “काकांनी घेतलेलाच जबाब आहे, फक्त स्वच्छ करून आणलाय,” म्हणाला. काकांचं नाव ऐकून धाकटीने डाव्या हाताने वेडीवाकडी सही केली. उजव्या हाताला हे एवढं बँडेज.

तीन आठवड्यांनी चौकशीला बाहेरून अधिकारी बाई आल्या. वरच्या हॉलमध्ये लांब टेबल मांडलं होतं. एका बाजूला मॅनेजर आणि सुपरवायझर, दुसऱ्या बाजूला धाकटी आणि तिला चिकटून थोरली. टोकाला काका. मी कॉम्प्युटरपाशी, नोंदी घ्यायला.

बाईंनी जबाब मोठ्याने वाचायला घेतला. “काम लवकर उरकावं म्हणून मी स्वतःच जाळी काढून ठेवली. जाळी काढू नये हे मला माहीत होतं. मला कोणीही...”

“मी असं बोलले नाही!” धाकटी उठून उभी राहिली. “जाळी मोडून तीन आठवडे झाले होते. मी सुपरवायझरना दोनदा सांगितलं. तेच सांगितलं मी काकांना. काका, काय सांगितलं होतं मी तुम्हाला?”

“हेच,” काका म्हणाले. “जाळी मोडकी होती. दोनदा सांगितलं. सुपरवायझर म्हणाले, हात जपून घाल. असंच टाइप केलं मी.”

मॅनेजरच्या तोंडात गोळी टक्‌ वाजली. “बाई, काकांचं वय झालंय. रिटायर व्हायला सहा महिने राहिलेत. ऐकण्यात, लिहिण्यात गडबड होते, आम्ही सांभाळून घेतो. आता पोरीची दया आली असेल. पण जबाब यांनीच टाइप केलाय, खाली यांचं नाव आहे, तिची सही आहे.”

थोरली काकांकडे असं बघत होती की मीच मान वळवली. “आमच्याच माणसाने आम्हाला असं खाली बघायला लावावं?” एवढंच बोलली ती.

“मूळ फाईल दाखवा,” अधिकारी बाई म्हणाल्या.

मी उघडली. पडद्यावर चार पानं, सुरेख, एकसारखी. बाई पुढे झुकून बघू लागल्या. “हे सगळं एकाच हाताचं दिसतंय.”

“अर्थात,” मॅनेजर म्हणाले. “मॅडमनी फक्त नीटनेटकं केलंय.” आणि माझ्याकडे बघून हसले. अगदी आपल्या माणसाकडे बघून हसावं तसं.

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. सगळं एकसारखं दिसलं पाहिजे! या माणसाला सुबकपणाशी काय देणंघेणं होतं? त्याने परिच्छेद घुसडला, तो ठिगळासारखा उठून दिसायला लागला, आणि ते ठिगळ बेमालूम शिवायला त्याला माझा हात हवा होता. मी शिवून दिलं. वर कौतुक ऐकून फुलले. मला पेपरमिंटचा तो वास आठवला आणि त्याची किळस आली. काकांच्या कीबोर्डची इतक्या वर्षांत कधी आली नव्हती इतकी.

काका खुर्चीतून उठून पडद्यापाशी आले. चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला. “ताई, यात माझे एंटर कुठे गेले?”

सुपरवायझर फिस्सकन हसला. अधिकारी बाईंना काही कळलं नाही. “काय म्हणताय?”

“माझे एंटर असते तर दिसलं असतं हो, माझं कुठलं आणि दुसऱ्याचं कुठलं,” काका म्हणाले. “आता काय दिसणार?”

काढले होते ते मीच. बारा मिनिटांत.

बाईंनी चहापुरतं थांबायला सांगितलं. चहा आला. धाकटीने डाव्या हाताने कप उचलला, तो बशीवर खडखडला, थोरलीने खालून हात धरला. माझ्या पर्समध्ये मोबाइल होता आणि मोबाइलमध्ये तो फोटो होता. मला तो पहिल्या घोटालाच आठवला होता. पण फोटो दाखवायचा म्हणजे त्याखाली मी लिहिलेलंही दिसणार. काका बघणार. तेव्हा खरं ते सांगते, मी पूर्ण कप संपवला. नुसता फोटो कापून दाखवता येईल का, याचाही विचार केला. स्वतःचीच शिसारी आली.

मग उठले आणि मोबाइल बाईंच्या हातात दिला. “मी सुबक करायच्या आधीचा फोटो आहे. वर तारीख आणि वेळ आहे. या उलट्या खुणा म्हणजे एंटर. काका ओळ संपली की एंटर दाबतात. कॉम्प्युटर आल्यापासून दाबतायत. या मधल्या परिच्छेदात एकही नाही.”

बाईंनी फोटो मोठा केला. परिच्छेद वाचला. तोच होता, काम लवकर उरकावं म्हणून वगैरे. मॅनेजरची गोळी वाजायची थांबली. “त्या दिवशी काकांनी नीट टाइप केलं असेल तेवढं,” ते म्हणाले.

“बघू द्या,” काकांनी मोबाइल मागितला. हातभर लांब धरून बघायला लागले. फोटो बघितला, मग अंगठ्याने खाली सरकवला. मी त्यांच्या अंगठ्याकडे बघत होते. शेती. ताप. म्युझियम. त्यांनी सगळं वाचलं, काका काही गाळत नाहीत. वाचताना ओठ हलत होते.

मग मोबाइल बाईंना परत दिला आणि सरळ आवाजात म्हणाले, “बघा बाई, ताईंनी तेव्हाच ओळखलं होतं. मधला माझा नाही म्हणून लिहिलंय त्यांनी.”

बाई माझ्याकडे वळल्या. “ओळखलं होतं? मग वाचलं का नाही?”

वाचायचं नसतं म्हणून सांगू?

अधिकारी बाईंनी मॅनेजरना काही विचारलं नाही. काकांना म्हणाल्या, “बसा. ही आता सांगेल तो जबाब इथे, माझ्यासमोर टाइप करा.” आणि मला म्हणाल्या, “त्या खुणा लावून ठेवा. मला दिसल्या पाहिजेत.”

मी लावल्या आणि खुर्ची रिकामी करून दिली. काकांनी बोटं मोडली. धाकटी बोलायला लागली. “माझं काम पॅकिंगचं...” काकांची बोटं आपटायला लागली. ओळ काठाला आली, यांनी वर बघितलंसुद्धा नाही, करंगळी गेली एंटरवर. ठक्‌. खूण उमटली. पुढची ओळ, ठक्‌. पूर्णविराम, दोन ठिपके. बाई पडद्याकडे बघत होत्या, मग मॅनेजरकडे बघितलं, मग पुन्हा पडद्याकडे. सुपरवायझर टेबलावरच्या फायली सारख्या करत बसला होता. धाकटी मोडक्या जाळीपाशी आली, दोनदा सांगितलं म्हणाली, हात जपून घाल म्हणाले म्हणाली, आणि तिथे रडली. काका थांबले. तिने डोळे पुसले, पुन्हा बोलली, काकांनी पुन्हा टाइप केलं. शेवटी तिचं नाव सहीसाठी उजवीकडे न्यायला स्पेसबार बडवत राहिले. सव्वीस ठिपके. मी मोजले.

दोन ओळी वाकड्या झाल्या होत्या, एक शब्द एकटाच खाली लोंबत होता. छापायला द्यायचं म्हणून मी सवयीने पुढे झाले आणि माऊसवर हात ठेवला.

“ताई,” धाकटी म्हणाली, “तुम्ही नका हात लावू त्याला.”

मी हात मागे घेतला. काकांनी छापायची आज्ञा दिली, पान बाहेर आलं तसं उचललं आणि तिच्यापुढे ठेवलं. ती डाव्या हाताचं बोट ठेवून एकेक ओळ वाचायला लागली. ओळ संपली की बोट खाली, पुन्हा ओळ. बराच वेळ लागला तिला. कुणी घाई केली नाही.